स्टेंटला औषध आहे, मग गोळ्या कशाला?

पत्र:

डॉक्टरांना नमस्कार. माझे मिस्टर ६१ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर होते. चार महिन्यांपूर्वी पहाटे अटॅक आला. सोलापूरला नेलं, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट टाकले. 'औषधाचे स्टेंट आहेत, चांगले आहेत,' असं सांगितलं. घरी आल्यापासून दिवसाला सात गोळ्या. आता ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, हातावर काळेनिळे डाग पडतात. माझे दीर म्हणाले, स्टेंटमध्येच औषध भरलंय तर वरून रक्त पातळ करायची गोळी कशाला, दोन्ही मिळून जास्त होतंय. म्हणून ह्यांनी दहा दिवसांपासून क्लोपिडोग्रेलची गोळी बंद केली आहे, बाकीच्या चालू आहेत. पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे, त्यासाठीही ती बंदच ठेवावी लागेल म्हणतात. भाच्याने नेटवर वाचलं की स्टेंटवर कॅन्सरचं औषध असतं आणि ते काही महिन्यांत संपतं. मग नस पुन्हा बंद होणार का? औषध परत भरता येतं का? शिवाय औषधाचे म्हणून पैसे जास्त लावले असतील का, हाही दिरांचा प्रश्न. मला तर झोप लागत नाही.
– एक भगिनी, बार्शी तालुका

उत्तर:

ताई, पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला ई-मेलने एवढंच कळवलं होतं की हे उत्तर छापून यायची वाट बघू नका, ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्या डॉक्टरांना आजच फोन करा. तो केला असेल असं धरून पुढे लिहिते. झाला नसेल तर वाचणं इथेच थांबवा आणि आधी तो करा. फोनवर लांबड लावायची गरज नाही. अटॅकची तारीख, दोन स्टेंट, ॲस्पिरिन चालू आहे, क्लोपिडोग्रेल दहा दिवस बंद आहे, दाढ काढायची आहे. एवढं पुरे. बुडलेल्या दिवसांची भरपाई म्हणून आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या देऊ नका. इतके दिवस खंड पडल्यावर पहिला डोस किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. आणि मध्येच छातीत दाटून आलं, दरदरून घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला तर 'गॅस असेल' म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. ऐकायला बिनतोड आहे, आणि असं म्हणणारे ते पहिले नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या स्टेंटवाल्या रुग्णांच्या घरात असा एक तरी माणूस असतोच. त्यात चूक एकाच ठिकाणी आहे. स्टेंटवरचं औषध आणि गोळीतलं औषध ही एका कामाची नाहीतच. स्टेंटवरच्या औषधाचा रक्त पातळ होण्याशी काही संबंध नाही. उलट स्टेंटला औषध आहे म्हणून गोळी जास्त महिने घ्यावी लागते. हे जरा उलगडून सांगते.

हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा घालून अडथळा मोकळा करण्याचं काम पहिल्यांदा १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरने केलं. फुगा काम करायचा, पण दहातल्या तीन-चार जणांची वाहिनी सहा महिन्यांत पुन्हा आवळायची. मग १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला धातूची जाळी आत ठेवायला सुरुवात झाली. तोच स्टेंट. जाळीमुळे वाहिनी आतल्या आत मिटायची थांबली. तरी दहातल्या दोन-तीन जणांना काही महिन्यांनी पुन्हा छातीत दुखायला लागायचं. आत बघावं तर जाळी जागेवर, नीट उघडलेली, पण तिच्या फटींतून आतल्या बाजूला मांस वाढलेलं.

त्याचं कारण शरीराच्या स्वभावात आहे. बारीकशा वाहिनीत फुगा हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहा-बारा पट दाबाने फुगवतात तेव्हा आतलं अस्तर फाटतं, भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी ताणल्या जातात, चिरडतात. शरीराच्या हिशेबी ही जखम. जखम भरायला त्या पेशी भराभर वाढतात आणि आतल्या बाजूला सरकतात. एखाद्याच्या कानाला टोचल्यावर तिथे गाठ धरते, तसलाच हा अति उत्साह. तीन मिलिमीटरच्या नळीत अर्धा-पाऊण मिलिमीटर थर चढला तरी जिना चढताना धाप लागायला तेवढा बास होतो.

हा उत्साह आवरायचा कसा, याचं उत्तर आलं प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरून. १९६४ मध्ये कॅनडातून गेलेल्या एका वैद्यकीय मोहिमेने त्या बेटावरची माती आणली होती. त्या मातीतला एक जंतू बुरशी मारणारं काहीतरी तयार करतो हे माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं. ते वेगळं करणाऱ्या गटाचे प्रमुख होते सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्याकडचेच, फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले. बेटाचं तिथलं नाव रापा नुई, म्हणून औषधाला रापामायसिन म्हणाले. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळाच बंद केली, तेव्हा सेहगलांनी तो जंतू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता, ही हकिगत औषधशास्त्रातले लोक आजही कौतुकाने सांगतात. बुरशीच्या औषधापेक्षा त्याचा खरा गुण वेगळाच निघाला. पेशीला 'आता दोन हो' असा आतून जो हुकूम जातो, तोच ते अडवतं. पेशी मरत नाही, नुसती थबकते. १९९९ मध्ये अमेरिकेत ते किडनी बदललेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्राझीलमध्ये साओ पावलोला डॉ. एदुआर्दो सोसा यांनी हेच औषध लावलेला स्टेंट पहिल्यांदा माणसाच्या हृदयात ठेवला. औषधाचं आजचं नाव सिरोलिमस. २००२ मध्ये छापून आलेल्या पहिल्या मोठ्या तुलनेत साध्या स्टेंटपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त पुन्हा अरुंद झाले होते, औषधाच्या गटात सहा महिन्यांनी एकही नाही. सरसकट इतका देखणा आकडा पुढे टिकला नाही, तो टिकतही नसतो. पण पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण शंभरात पाच ते दहांवर आलं ते आलंच.

आता तुमच्या मिस्टरांच्या छातीत जे आहे ते जवळून बघू. बहुधा कोबाल्ट-क्रोमियम नावाच्या मिश्रधातूची जाळी. तिची एकेक तार ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे साधारण डोक्याच्या केसाएवढी जाड. तारेवर पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा थर, केसाच्याही दहाव्या हिश्शाएवढा पातळ, आणि त्यात मुरवलेलं औषध. स्टेंटमध्ये टाकी नाही, झडप नाही, 'भरलेलं' असं काही नाही. फुगा फुगला की तारा भिंतीत रुततात आणि जिथे टेकल्या तिथून औषध हळूहळू भिंतीत झिरपतं. ते पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतं. म्हणून भिंतीत मुरलेलं औषध वाहत्या रक्ताबरोबर चटकन धुऊन न जाता पेशींमध्ये टिकतं. पॉलिमर नसता तर सगळं औषध पहिल्या काही दिवसांतच निघून गेलं असतं. त्याचं काम सोडण्याचा वेग धरून ठेवणं. आज वापरात असलेल्या बहुतेक स्टेंटमधून साधारण ८० टक्के औषध पहिल्या महिन्यात बाहेर पडतं आणि उरलेलं पुढच्या दोन-तीन महिन्यांत.

म्हणजे भाचा म्हणतो ते खरं आहे. औषध संपतं. अटॅकला चार महिने झालेत, तेव्हा ज्याच्या भीतीने तुम्हाला झोप नाही ते बहुधा होऊनही गेलंय, आणि तुमचे मिस्टर ठीक आहेत. स्लॅब टाकल्यावर आपण तीन आठवडे पाणी मारतो. पुढे वीस वर्षं त्या स्लॅबला कोणी पाणी मारत नाही, आणि पाणी बंद केलं म्हणून स्लॅब खाली येत नाही. फुग्याने झालेल्या जखमेवर पेशी बेफाम वाढण्याचा काळ ठरावीक असतो, पहिले काही आठवडे, काही महिने. तेवढ्यात त्यांना थोपवलं की जखम शांतपणे भरते, आणि नंतर औषधाला तिथे काम उरत नाही. त्यामुळे परत भरता येत नाही आणि भरायचंही नसतं. थोड्या लोकांत जागा पुन्हा अरुंद होते, विशेषतः साखर जास्त असेल तर. पण ती एका रात्रीत होत नाही. चालताना, जिना चढताना पूर्वीसारखं दुखायला लागतं, तपासायला वेळ मिळतो, आणि त्यावर औषध लावलेल्या फुग्यापासून दुसऱ्या स्टेंटपर्यंत उपाय आहेत.

कॅन्सरच्या औषधाची गोष्टही निम्मी खरी आहे. पहिल्या पिढीतल्या एका स्टेंटवर पॅक्लिटॅक्सेल असायचं, ते कॅन्सरमध्ये देतात. आता बऱ्याच स्टेंटवर सिरोलिमसच्याच जातीचं एव्हरोलिमस असतं, त्याच्या गोळ्याही काही कॅन्सरमध्ये चालतात. त्यात नवल नाही. वाढणारी पेशी थांबवायची हेच दोन्हीकडचं काम आहे. फरक मात्रेचा. कॅन्सरमध्ये एव्हरोलिमसची रोजची गोळी १० मिलिग्रॅमची असते. एका स्टेंटवर सगळं मिळून १००-२०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा-पाचवा हिस्सा, तोही काही महिन्यांत मिळून. केस गळणं, उलट्या, असलं काही त्याने होत नाही. भाच्याला सांगा, वाचलं ते बरोबर, पण पुढचा परिच्छेद राहिला.

तर मग गोळी कशाला? स्टेंटच्या औषधाला आपला-परका कळत नाही. ते वाढू नयेत त्या स्नायूपेशींना थोपवतं, आणि वाढायला हव्यात त्या अस्तराच्या पेशींनाही थोपवतं. उघड्या धातूवर अस्तर चढलं की रक्ताला धातू दिसत नाही. साध्या स्टेंटवर हे अस्तर महिनाभरात बरंचसं यायचं. औषधाच्या स्टेंटवर ते सावकाश येतं. तोवर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या बारीक पेशी, त्या तारांना परक्या समजतात आणि चिकटू बघतात. एक चिकटली की ती दुसरीला बोलावते, आणि काही मिनिटांत गुठळी होऊन अख्खा स्टेंट बंद. सावकाश अरुंद होणं वेगळं आणि हे वेगळं. यात वेळ मिळत नाही. पुन्हा मोठा अटॅक येतो, आणि त्यात दगावणारे कमी नाहीत.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या प्लेटलेटचे दोन वेगवेगळे रस्ते अडवतात. एक चालू आहे म्हणून दुसरीचं काम होत नाही. आणि क्लोपिडोग्रेलची एक खोड लक्षात ठेवा. ते ज्या प्लेटलेटला धरतं ती प्लेटलेट मरेपर्यंत सुटत नाही, पण प्लेटलेटचं आयुष्यच सात ते दहा दिवसांचं. गोळी बंद केल्यावर रोज थोड्या नव्या प्लेटलेट रक्तात येतात, गोळी न पाहिलेल्या. दहाव्या दिवशी जवळजवळ सगळ्याच तशा. 'इतके दिवस घेतली आहे, अजून असर असेल' या भरवशावर राहू नका ते यासाठी.

हे २००६ मध्ये साऱ्या जगाला चटका लावून गेलं. त्या सप्टेंबरात बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत आकडे मांडले गेले की पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटमध्ये वर्ष उलटल्यावरही गुठळ्या होताना दिसतात. डॉक्टरच बिचकले, कित्येकांनी साध्या स्टेंटकडे मोर्चा वळवला. तेव्हाच्या स्टेंटची तार १४० मायक्रॉनपर्यंत जाड होती, आणि औषध संपल्यावर मागे राहणारं पॉलिमर काहींच्या वाहिनीला सोसत नव्हतं. त्यानंतर तारा बारीक झाल्या, पॉलिमर सुधारलं, काहींत ते काही महिन्यांत विरघळूनच जातं. सुरतेत बनलेल्या अशा एका बारीक तारेच्या स्टेंटची युरोपात नावाजलेल्या अमेरिकी स्टेंटशी तुलना झाली आणि २०१९ मध्ये आलेल्या निकालात तो कमी पडला नाही. तेव्हा 'इंडियन टाकला की इंपोर्टेड' हा प्रश्न निदान छाती पिटण्याचा राहिलेला नाही. पूर्ण विरघळणारा स्टेंटही येऊन गेला. गुठळ्या जास्त होतात म्हणून २०१७ मध्ये कंपनीनेच तो विकायचा बंद केला.

घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे बहुतेक प्रसंग पहिल्या महिन्यात होतात, आणि ते दिवस तुमच्या मिस्टरांनी दोन्ही गोळ्या घेऊन काढले. पण स्टेंट अटॅकमध्ये टाकलेला असला की धोका थोडा जास्त दिवस रेंगाळतो. म्हणून अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन गोळ्या, पुढे बहुतेकांना एक कायमची. ज्यांना रक्तस्रावाचा धोका मोठा आहे त्यांच्यात डॉक्टर ही मुदत सहा महिने, तीन महिने, कधी एकच महिना अशी कमी करतात. तेव्हा 'हिरड्यांतून रक्त येतं' ही तक्रार डॉक्टरांना जरूर सांगा. त्यावर तोडगा असतो. तो त्यांनी काढायचा, ओट्यावर बसून घरच्यांनी नाही.

हिरड्यांतून थोडं रक्त, कुठे टेकलं तर निळा डाग, हे या गोळ्यांबरोबर येतंच. मऊ ब्रश घ्या, आणि हिरड्या दाताच्या डॉक्टरांना दाखवाच, कारण सुजलेल्या हिरड्या गोळीशिवायही रक्त काढतात. (पत्रात तंबाखूबद्दल एक अक्षर नाही. रात्रीच्या गाडीवर जागायला म्हणून लागलेली असेल तर ती सोडल्याशिवाय ना हिरड्या सुधारतील ना स्टेंटचं खरं.) काळजीचं रक्त वेगळं असतं. डांबरासारखी काळी शी, लघवीत लाली, पंधरा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, किंवा अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखणं. तेव्हा सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. पण तेव्हाही गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे दवाखान्यातच ठरू द्या.

सात गोळ्यांतली एक बहुधा पोटासाठी आहे, पॅन्टोप्राझोल. ती 'नुसती ॲसिडिटीची' म्हणून गाळू नका. या दोन गोळ्यांवर पोटातून रक्त जाऊ नये म्हणून ती असते. मेडिकलवाल्याने बदलून ओमेप्राझोल दिलं तर घेऊ नका, ते क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करतं. कोलेस्टेरॉलची गोळी स्टेंटसाठी नसून बाकीच्या वाहिन्यांसाठी आहे. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटरचं दुखणं सांभाळतो, उरलेल्या वाहिनीत जी चरबी बसते तिच्याशी त्याचं देणंघेणं नाही. लसूण-आलं-लिंबाचा काढा ब्लॉकेज विरघळवतो असं फिरत असतं, तेही कोणी ना कोणी सुचवेलच. जेवणात लसूण खुशाल घाला. गोळीच्या जागी नाही.

पैशांचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती बांधल्या. औषधाचा २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. त्याआधी औषधाच्या एका स्टेंटला लाखाच्या वर मोजलेली कुटुंबं मला माहीत आहेत. पुढे हा दर अधूनमधून बदलत गेला, पण मर्यादा आहेच, आणि बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळे दाखवावे लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं असेल तर स्टेंटचे वेगळे पैसे घेताच येत नाहीत. फाईल काढून बघा. डिस्चार्ज कार्डावर किंवा त्याच्या मागच्या पानावर दोन छोटे स्टिकर चिकटवलेले असतील, स्टेंटच्या खोक्यावरचे. त्यावर ३.० × १८ असे आकडे असतात. पहिला व्यास, दुसरी लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जवळच सिरोलिमस, एव्हरोलिमस, झोटारोलिमस यांतलं एखादं नाव असेल. शेवटी 'लिमस' दिसलं की औषधाचा स्टेंट. बिलातला नंबर आणि स्टिकरचा नंबर जुळला की दिरांच्या शंकेचं समाधान व्हावं. स्टिकर नसेल तर रुग्णालयाकडे लेखी मागा, तुमचा हक्क आहे. त्या पानाचा मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.

मला राग येतो तो दिरांचा नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी जेवढा वेळ जातो त्याच्या पाव हिस्साही गोळ्या समजावण्यात जात नाही. सातांपैकी कुठली गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि कधीपर्यंत, हे कार्डावर मोठ्या अक्षरात कोणी लिहून दिलं असतं तर ओट्यावरची चर्चा तिथेच संपली असती. या वेळी डॉक्टरांकडून तेवढी तारीख लिहून घ्या.

राहिली दाढ. एखादी दाढ काढायला या गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. रक्त जरा जास्त वेळ येतं, पण दाताच्या डॉक्टरांना तिथे बोळा दाबून धरता येतो, टाका घालता येतो, रक्त थांबवणाऱ्या औषधाच्या चुळा देता येतात. हृदयात गुठळी झाली तर तिथे बोळा दाबता येत नाही. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. दाढ फार दुखत नसेल तर काही महिने पुढे ढकलायलाही हृदयाचे डॉक्टर सांगतील कदाचित. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आपल्या मनाने आणू नका. पहिलं ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं आणि दोन्ही हृदयाला बरी नाहीत. पॅरासिटामॉल चालतं. आणि दाताच्या डॉक्टरांना हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर द्या, दोघांना एकमेकांशी थेट बोलू द्या. मधला निरोप पोहोचवायचं काम तेवढं दिरांकडे देऊ नका.